शिबिराचा शेवटचा आठवडा मुलांच्या हाती

दोन आठवड्यांच्या निवासी शिबिरात पहिला आठवडा आम्ही चालवतो आणि दुसरा मुलं चालवतात. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात आमचं उन्हाळी शिबिर भरतं. ११ ते १४ वयाची ३६ मुलं, सगळे मुलगेच, सहा-सहाचे गट, आणि आम्ही आठ मोठी माणसं. गटांना पक्ष्यांची नावं आहेत: कोतवाल, तांबट, शिक्रा, धनेश, खंड्या, नाचण. माझ्याकडे कोठी, स्वयंपाक आणि औषधांची पेटी. दरवर्षी पालक विचारतात, "ताई, पाच दिवसांचं नाही का काही? दोन आठवडे जास्तच होतात हो." पाच दिवसांत काय राहून जातं ते यंदाच्या शेवटच्या आठवड्यात इतकं लख्ख दिसलं, की ते लिहून काढायचं ठरवलं.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर कोठीची किल्ली आणि शिध्याची वही गटनायकांच्या हाती दिली. वहीत रोजचं सगळं लिहिलेलं असतं: तांदूळ, डाळ, पोहे, तेल किती उरलं, उद्या पानावर किती माणसं, विहिरीत पाणी किती हात. पाणी मोजायला दोराला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या आहेत. मे महिन्यात ही विहीर तळाला जाते. पहिल्या आठवड्यात दोर मी सोडत होते, आता मुलं सोडणार.

कारभार सोपवण्याचा नियम एकच, आणि तो दोन्ही बाजूंनी कडक. जिवाला धोका असेल तिथं निर्णय आमचा: नदीचा डोह, आग, वीज, साप-विंचू, औषधपाणी. नुसती गैरसोय होणार असेल तिथं निर्णय मुलांचा. भाजी खारट झाली, झोपायला मध्यरात्र झाली, आंघोळीचं पाणी संपलं, तर तोडगा त्यांनी काढायचा. विचारल्याशिवाय आम्ही सल्ला द्यायचा नाही. हे पाळणं मोठ्यांना फार जड जातं. आमच्यातले एक काका तर सोमवारी सकाळी चुलीजवळ येऊन दोनदा परत फिरले.

मुलांचे छोटे गट पाडून त्यांच्याच नायकावर भिस्त ठेवण्याची ही रीत स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर करून पाहिली. तिथं जेमतेम वीसेक मुलं होती. काही बड्या शाळांतली, काही कामकरी घरांतली, आणि एका गटात दोन्हीकडची. मला त्यातली ही सरमिसळ सर्वांत मोलाची वाटते. आमच्याकडेही पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतली मुलं असतात, नगरपालिकेच्या शाळेतली असतात आणि याच खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरची असतात. पहिले चार-पाच दिवस ती तेलपाण्यासारखी वेगळी राहतात. मिसळतात ती दुसऱ्या आठवड्यात, काम अंगावर पडल्यावर.

सोमवारचं पहिलं भांडण संडासावरून झालं. पहिल्या आठवड्यात रोज आमच्यापैकी कुणीतरी एका गटाबरोबर उभं राहून संडास-मोऱ्या धुवून घ्यायचं. आता पाळी लावायची होती मुलांनी. धनेश गटातला एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडे हे काम बाई येऊन करते." त्यात उर्मटपणा अजिबात नव्हता, घरी पाहिलेलं तो सांगत होता. त्यावर वेल्ह्याकडचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "ती बाई माझी मावशी असेल. पुण्यात तेच करते ती." मग कुणीच काही बोललं नाही. गटबैठकीत ठरलं, की गटनायकांनी पहिली पाळी करायची आणि नंतर चिठ्ठ्या टाकायच्या. ही बैठक मी दाराबाहेर तांदूळ निवडत ऐकत होते. मुलग्यांच्या शिबिरात हे काम आलंच पाहिजे, याबद्दल माझं मत पक्कं आहे. घराघरांतून मुलीला ते न सांगता शिकवलं जातं. मुलग्याला कुणी शिकवत नाही, आणि मग तो आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांवर जगतो.

आता स्वयंपाक. ४४ माणसांच्या मुगाच्या खिचडीला आमचं माप चार किलो तांदूळ आणि दोन किलो डाळ. डोंगर चढून आलेल्या मुलांना तेवढी लागते. सकाळच्या कांदेपोह्यांना चार किलो जाडे पोहे. मापं वहीत लिहिलेली असली तरी आधण किती ठेवायचं, जाळ कधी ओढायचा, डेगेच्या तळाला उलथणं कसं फिरवायचं हे वहीतून येत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने गावातल्या दोन मावश्यांच्या हाताखाली एकेक दिवस काढलेला असतो. त्या मावश्या दुसऱ्या आठवड्यात फक्त भाकरीपुरत्या येतात, कारण ऐंशी-नव्वद भाकऱ्या थापणं मुलांच्या आवाक्यातलं नाही. पण प्रत्येकाने स्वतःची एक भाकरी थापायची, अशी पद्धत आहे. काटवटीत पीठ मळून, पाण्याचा हात लावून, तांदळाची भाकरी तव्यापर्यंत अख्खी नेणं सोपं नाही. नाचण गटातल्या एका मुलाची मंगळवारी पहिल्यांदा टम्म फुगली. ती त्याने खाल्ली नाही, वाटून टाकली.

मंगळवारी आणखी एक गोष्ट होती. कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. आमच्या भागात तो दिवस १२-१३ मेच्या सुमारास येतो. दुसरा येतो जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा आभाळ झाकलेलं असतं. म्हणजे पाहायचा तर मेमध्येच. वेळ साधारण १२ वाजून ३१ मिनिटं, आणि नेमकी तीच आमची पंगतीची वेळ. स्वयंपाकाची पाळी तांबट गटाची. "ताई, आम्हाला पण बघायचंय. काय करू?" असं त्यांच्या नायकाने विचारलं. तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच म्हणाले. त्यांनी उलटा हिशेब मांडला. सव्वाबाराला डेग उतरायची, तर अकराला आधण, तर साडेदहाला चूल. डेग उतरवून झाकणावर निखारे ठेवले आणि सगळे मैदानात पळाले. तिथं ओळंब्याने सरळ उभा केलेला पाइप, उलटे ठेवलेले स्टीलचे पेले, आणि मधोमध उभी राहिलेली मुलं. सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी गेली तेव्हा मुलांनी केलेला ओरडा पलीकडच्या वाडीपर्यंत गेला असेल. पंगत एकला बसली. खिचडी मोकळी झाली होती आणि तळाला जराही लागली नव्हती.

बुधवारी वळीव आला.

दुपारी तीनपासून पूर्वेकडे ढग चढत होते. जळण उघड्यावर होतं. आमच्या काकांनी कोतवाल गटाला एकदा सांगितलं, "आभाळ भरून येतंय रे." मुलं लगोरीच्या डावात रंगली होती, हो हो म्हणाली आणि खेळत राहिली. काकांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. पहिला गडगडाट ऐकू आला तेव्हा मात्र शिट्टी आमची वाजली, कारण वीज आमच्या यादीतली होती. मैदान, झाडाखालची जागा, विहिरीचा काठ, सगळं रिकामं करून छत्तीसच्या छत्तीस डोकी छपराखाली मोजली. मग तासभर वारा, गारा आणि पाणी. जळण भिजून चिंब. चूल पेटणं शक्य नव्हतं, आणि संध्याकाळी साडेसहाला ४४ माणसांची भूक कोतवाल गटाच्या पुढ्यात उभी होती.

पुढचा अर्धा तास मला कायम लक्षात राहील. आधी एकमेकांवर ढकलाढकली झाली. एकजण रडला. मग त्यांचा नायक, तेरा वर्षांचा, कोठीत जाऊन वही घेऊन बसला आणि एकेक जिन्नस मोठ्याने वाचू लागला. तांदूळ, चूल लागते. बटाटे, चूल लागते. पातळ पोहे म्हटल्यावर रत्नागिरीचा मुलगा उठून उभा राहिला. "दडपे पोहे! माझी आजी करते. फक्त फोडणीला विस्तव लागतो." फोडणीपुरती गॅसची शेगडी माझ्याकडे होती, औषधपाण्यासाठी पाणी उकळायला ठेवलेली. त्यांनी ती रीतसर मागितली, मी दिली.

अडचण अशी होती, की ते पातळ पोहे रविवारी पालकांसाठी चिवडा करायला ठेवले होते आणि त्या चिवड्याचा बेत शिक्रा गटाचा होता. म्हणून कोतवालचा नायक शिक्राकडे गेला. शिक्राने थोडा भाव खाल्ला, मग हो म्हटलं, आणि वर सहाजण मदतीलाही आले. पाच किलो पोहे, बारा नारळ, कांदे, मागच्या आंब्याखाली वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या. खोवणी दोनच, त्यामुळे नारळ खोवायला रांग. नारळाचं पाणी पोह्यांवर शिंपडून, खोबरं, किसलेली कैरी, मीठ-साखर घालून, हाताने दडपून परातींवर ताटं झाकली. वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. रात्री नऊला कंदिलाच्या उजेडात पंगत बसली. मी दोनदा घेतले.

जळण झाकायला पुन्हा सांगावं लागलं नाही. गुरुवारी सकाळी मी उठायच्या आत लाकडं उन्हात पसरली होती आणि ताडपत्री घडी करून शेजारी ठेवली होती.

पावसानंतर जमिनीतून काय काय बाहेर येतं, म्हणून गुरुवारी विंचवाचा पाठ पुन्हा घेतला. बूट उलटे करून आपटल्याशिवाय घालायचे नाहीत, अंथरूण झटकल्याशिवाय पडायचं नाही, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही. डोंगरापलीकडे कोकणात लाल विंचवाने पूर्वी फार मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला आणि प्राझोसिन हे औषध वापरात आणलं, तेव्हापासून ते मृत्यू खूप कमी झाले. ही हकीकत मी दरवर्षी सांगते. खेड्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षण करतो आणि त्यातून जगाला उपयोगी पडेल असं काही हाती येतं, हे मुलांनी ऐकावं असं मला वाटतं.

गुरुवारीच दुसरं एक सुरू झालं, ज्याची पालकांना कल्पना नसते. घरची आठवण पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येते आणि ओसरते, असं सगळे धरून चालतात. ती शेवटच्या आठवड्यात परत येते आणि जी मुलं आधी रडली नव्हती त्यांना गाठते. पहिल्या खेपेला मूल घाबरलेलं असतं. दुसऱ्या खेपेला ते दोन्हीकडून ओढलं जातं: घरी जायचंय, आणि इथून निघायचं नाहीये. अशी मुलं रडत बसत नाहीत. ती चिडतात, क्षुल्लक कारणावरून मारामारी करतात, जेवण टाकतात. खंड्या गटातल्या एका मुलाने कॅरमची सोंगटी हरवली म्हणून जिवलग मित्राला ढकललं. मी त्याला रागावले नाही, पोस्टकार्ड दिलं. अजून ५० पैशांतच मिळतं हे कार्ड. शेवटच्या आठवड्यात लिहिलेलं पोस्टकार्ड मुलाच्या नंतर घरी पोचतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर मजकूर वेगळा येतो. बरीचशी मुलं स्वतःलाच लिहितात. काय लिहितात ते मी वाचत नाही. पत्ते नीट आहेत ना, एवढं बघते आणि वेल्ह्याच्या पोस्टात टाकते.

शुक्रवारी राजगड. गडावर मुक्कामाला परवानगी नसते, त्यामुळे पहाटे निघून ऊन तापायच्या आत उतरायचं. साडेतीनला उठवलं ते मुलांनीच. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, आणि गटागणिक मीठ-साखरेची पुडी: एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. वाट गुंजवण्याहून चोर दरवाज्याची. पुढे गटनायक, मागे आम्ही. चालण्याचा क्रमही त्यांनीच लावला होता आणि तो पाहून मला फार बरं वाटलं. सर्वांत हळू चालणारा मुलगा प्रत्येक गटात नायकाच्या लगोलग मागे. त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. हे पहिल्या आठवड्यातल्या छोट्या चढाईत त्यांना सुचलं नव्हतं. तेव्हा हळू चालणारे मागे पडायचे, पुढचे थांबून कंटाळायचे, आणि मागचे पोचले की लगेच पुढचे निघायचे, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळायची नाही.

चोर दरवाज्याच्या खालचा कातळाचा टप्पा उभा आहे. लोखंडी कठडे आहेत, तरी खाली पाहिलं की पाय कापतात. नाशिकचा एक मुलगा तिथं बसला. मागच्याने त्याला चल चल केलं नाही. "पाय कुठं ठेवायचा ते मी सांगतो, तू फक्त कातळाकडे बघ," म्हणाला आणि खालून एकेक खोबण सांगत त्याला वर नेला. मी दोघांच्या खाली होते. काही बोलायची गरज पडली नाही.

दरवाज्यातून वाकून पद्मावती माचीवर निघालो तेव्हा उजाडलं होतं. पावसाने हवा धुतलेली. समोर तोरणा, मागे सिंहगडावरचा मनोरा, खाली भाटघर धरणाचं पाणी. तळ्याजवळ बसून मुलांनी गडाची माहिती एकमेकांना सांगितली, कारण तेही गटांना वाटून दिलं होतं. तीन माच्या, मध्ये बालेकिल्ला. रायगडाआधी पंचवीसएक वर्षं राजधानी इथं होती. राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये याच गडावर झाला. सईबाईंच्या समाधीपाशी नाचण गटाचा मुलगा बोलला: १६५९ मध्ये त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. एवढं सांगून तो गप्प झाला. घरच्या ओढीने आधीच हळव्या झालेल्या मुलांना ते वाक्य फार आत गेलं. उतरताना सहा पोती प्लास्टिक खाली आणलं.

शनिवारी आवराआवर आणि शेकोटी. शेकोटीच्या कार्यक्रमावर मी फारसं लिहीत नाही. नकला, पोवाडा, गाणी, सगळीकडे असतं तसंच. शेकोटी विझल्यावर मात्र झोपायची सक्ती केली नाही. दक्षिणेच्या डोंगराच्या जरा वर त्रिशंकू हा तारकासमूह उभा होता. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो आपल्याकडून चांगला दिसतो. मुलं मैदानात आडवी पडून बोलत राहिली. त्यांच्यात आम्ही गेलो नाही.

रविवारी अकराला पालक आले. शेवटच्या दिवशी पालकांपुढे कवायती आणि बक्षीस समारंभ करायची पद्धत आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. आदर्श शिबिरार्थी निवडत नाही. त्या एका पदकासाठी आठवडाभर जुळलेलं गटाचं नातं शेवटच्या तासात उसवतं, हे मी दुसरीकडे पाहिलं आहे. त्याऐवजी मुलं पालकांना जेवू घालतात. पिठलं, भाकरी, खर्डा, कैरीचं पन्हं. चिवडा नव्हता, आणि का नव्हता हे शिक्रा आणि कोतवाल गटाने मिळून सांगितलं. एक वडील ताट तसंच ठेवून उठत होते. त्यांचा मुलगा पंगतीतून धावत आला, "बाबा, ताट ज्याचं त्याने धुवायचं." त्यांनी धुतलं. राखेने घासायचं हेही शिकून घेतलं.

निघायच्या आधी किल्ली आणि वही परत आली. वहीच्या शेवटच्या पानांवर पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी त्यांनी लिहून ठेवलं होतं: जळण दुपारी दोनला झाका, आभाळ बघू नका. हिंगाची डबी मीठाशेजारी ठेवू नका. संडासची पाळी सकाळची घ्या, दुपारी पाणी कमी असतं. हळू चालणाऱ्याला दुसऱ्या नंबरला ठेवा.

पुढच्या आठवड्यात फोन येत राहिले. बहुतेक आयांचा एकच प्रश्न: दोन दिवस नुसता झोपतोय, कुणाशी बोलत नाही, काय झालं? मी सांगितलं, झोपू दे, रोज पहाटे उठलेलं पोर आहे. गटातल्या मुलांशी फोनवर बोलायचं म्हटलं तर बोलू द्या. एका आईची अडचण वेगळी होती. मुलगा म्हणतोय रविवारची खिचडी मी करणार, पण कुकरची आणि गॅसची भीती वाटते, काय करू? कुकरची शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग आधी स्वतः तपासा, वाफ गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही हे त्याला एकदा करून दाखवा, आणि मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसा, असं मी तिला सांगितलं.